मुलांना रोजचा आशीर्वाद: काय म्हणायचं, कधी म्हणायचं आणि कुठे थांबायचं

शाळेची व्हॅन गल्लीच्या तोंडाशी हॉर्न द्यायला लागली की घराघरात तीच वाक्यं ऐकू येतात. डबा घेतलास का, टाय कुठे टाकलास, बाटलीचं झाकण घट्ट लाव, डायरीवर सही राहिली का. सगळी कामाची आहेत, त्यातलं एकही गाळायचं नाही. फक्त सगळ्यात शेवटी, मूल उंबरठा ओलांडण्याआधी, डोक्यावर हात ठेवून आणखी एक वाक्य म्हणायचं: "रूथ, प्रभू तुझं जाणंयेणं सांभाळो." पाच सेकंद लागतात. मग दार.

काम एवढंच आहे. तरी बहुतेक ख्रिस्ती घरांत ते दोन-चार दिवसांत बंद पडतं, कारण काय बोलायचं ते आधी ठरलेलं नसतं. ऐन वेळी तोंडातून एक तर प्रार्थना निघते, नाही तर सल्ला. म्हणून आधी वाक्याची घडण पाहू.

वाक्य कसं जुळवायचं

परीक्षेच्या सकाळी मूल घाबरलंय असं समजा. त्याच्याशी चार तऱ्हेनं बोलता येतं.

"हे प्रभू, सुजयची भीती घालव." ही प्रार्थना झाली. यात "तू" म्हणजे देव, आणि सुजय बाजूला उभा राहून ऐकतोय.

"सुजय, तू किती अभ्यास केलास!" हे कौतुक. केलेल्या कामाचं ते मोल आहे, म्हणजे अभ्यास झाला नसेल त्या दिवशी हे वाक्य उपयोगाचं नाही.

"सुजय, घाबरू नको, आधी सोपे प्रश्न सोडव." हा सल्ला. चांगला आहे, पण ओझं पुन्हा सुजयच्याच डोक्यावर.

"सुजय, प्रभू तुझं मन शांत ठेवो." हा आशीर्वाद. यात "तू" म्हणजे सुजय, करणारा देव, आणि सुजयनं फक्त घ्यायचं आहे.

मराठीत याची खूण अगदी सोपी आहे, ती म्हणजे क्रियापदाच्या शेवटचा ओ. देवो, करो, राखो, ठेवो, नेवो, सांभाळो, वाढवो, दाखवो. कर्ता देव, "तुला" किंवा "तुझं" मूल, आणि शेवटी ओ, एवढं जमलं की आशीर्वाद तयार. वाक्य चुकतंय का हे तपासायचं असेल तर शेवटचा स्वर ऐका. "-शील" आला तर तुम्ही भविष्य सांगताय ("तू डॉक्टर होशील"), "कर" किंवा "हो" आला तर हुकूम सोडताय, आणि "तर" आला तर सौदा करताय ("ऐकलंस तर देव तुझं भलं करील"). सगळ्यात जास्त नुकसान या "तर"नं होतं. मूल देवाचा आशीर्वादही पॉकेटमनीच्या हिशेबात धरायला लागतं.

नवीन वाक्य जुळवताना आधी नाव घ्या. मग त्या दिवशी दिसलेली एक गोष्ट, ती खरोखर दिसलेली असावी. मग ओ-वालं वाक्य, एकच. शेवटी आमेन, आणि तो शक्यतो मुलानं म्हणावा, म्हणजे दिलेलं त्यानं घेतलं असा त्याचा अर्थ होतो. नमुना असा:

"सुजय, आज तू बॅटिंग सोडून छोट्याला खेळायला दिलंस, ते मी गॅलरीतून पाहिलं. प्रभू तुझं मन असंच मोकळं ठेवो." "आमेन."

आता बिघडलेला नमुना, जो घरोघरी रात्री ऐकायला मिळतो: "देवा, सुजयला चांगली बुद्धी दे, त्याचा मोबाइल कमी होऊ दे, गणितात मार्क्स पडू देत आणि आईचं ऐकू दे." बोलणं देवाशी, रोख सुजयकडे. डोळे मिटून दिलेला हा ओरडा असतो, आणि सहा वर्षांचं मूलही ते बरोबर ओळखतं. मोबाइलबद्दल जे बोलायचं ते डोळे उघडे ठेवून, दिवसा बोला. रात्री नुसतं "प्रभू तुला शांत झोप देवो" म्हणा.

तीन ओळींचा जुना आशीर्वाद

रोज नवीन सुचत नाही, सुचावं असंही नाही. त्यासाठी बायबलमधलं गणना ६:२४–२६ पाठ करून ठेवा. याजक अहरोन आणि त्याच्या मुलांना हे शब्द दिले गेले, आणि उपासनेच्या शेवटी पाळकांच्या तोंडून आपण ते ऐकतोच:

"परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझे संरक्षण करो, परमेश्वर आपला मुखप्रकाश तुझ्यावर पाडो आणि तुझ्यावर कृपा करो, परमेश्वर आपले मुख तुझ्याकडे करो आणि तुला शांती देवो."

सावकाश म्हटलं तर पंधरा-वीस सेकंद. मूळ हिब्रूत पहिल्या ओळीत तीन शब्द आहेत, दुसरीत पाच, तिसरीत सात. आशीर्वाद पायरीपायरीनं रुंदावत जातो आणि "शालोम", म्हणजे शांती, या शब्दावर थांबतो. म्हणून म्हणतानाही घाई पहिल्या ओळीत झाली तर एक वेळ चालेल, तिसरीत नको. शेवटच्या "शांती देवो"वर आवाज खाली येऊ द्या, श्वास सोडा, मगच हात उचला. चार वर्षांच्या आतल्या मुलाला तिन्ही ओळी लांब पडतात. त्याला एका आठवड्यात एकच ओळ द्या, पुढच्या आठवड्यात दुसरी.

"मुखप्रकाश" मुलांना कळत नाही. मोठ्यांनाही तो पाठांतरातच कळतो. समजावून सांगायला व्याख्या नको. मावशी गाडीतून उतरते आणि स्टेशनवर गर्दीत आपल्याला बघून तिचा चेहरा फुलतो, तसा देवाचा चेहरा तुला बघून फुलतो, एवढं पुरे. तिसऱ्या ओळीसाठी तर मराठीनं सोयच करून ठेवली आहे. आपण "तोंड फिरवलं" म्हणतो, त्याच्या बरोबर उलट म्हणजे "मुख तुझ्याकडे करो". शाळेतल्या मैत्रिणीनं तोंड फिरवलं तर कसं वाटतं हे प्रत्येक मुलाला ठाऊक असतं. देव तसं करत नाही, हे त्या ओळीत आहे.

आणि म्हणूनच हातातला मोबाइल आधी पालथा ठेवायचा. देव तुझ्याकडे मुख करो असं म्हणायचं आणि स्वतःचं मुख स्क्रीनकडे, हे मुलांच्या नजरेतून सुटत नाही.

या ओळी किती जुन्या आहेत याचा एक पुरावा १९७९ मध्ये जेरुसलेमला, केतेफ हिन्नोमच्या थडग्यांत मिळाला. चांदीच्या पत्र्याच्या दोन बारीक गुंडाळ्या सापडल्या. त्यांवर याच आशीर्वादाचे शब्द कोरलेले होते, आणि त्या ख्रिस्तपूर्व सातव्या-सहाव्या शतकाच्या आसपासच्या मानल्या जातात. बहुधा अंगावर बाळगायच्या होत्या. आपल्याकडे दंडाला ताईत बांधतात तसं काहीसं, आणि इथेच सावध राहायला हवं. गणनेतलं पुढचंच वचन, २७वं, सांगतं की याजकांनी लोकांवर देवाचं नाव घ्यावं, आशीर्वाद मात्र देव स्वतः देईल. म्हणजे सामर्थ्य शब्दांत नाही, आईबाबांच्या हातात तर नाहीच. एखाद्या सकाळी म्हणायचं राहून गेलं तर दिवसभर जीव टांगणीला लावायचं कारण नाही. घाईत मूल निघून गेलं आणि तुम्ही व्हॅनमागे धावलात, तर तुम्ही आशीर्वादाचा ताईत केला असं समजा. मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढणं बंद करून त्या जागी वचनं ओवाळायला लागणं हाही तोच प्रकार.

कोणत्या भाषेत

हा प्रश्न पुण्या-नगरकडच्या घरांना पडत नाही, इंदूरला पडतो. कॅनेडियन प्रेस्बिटेरियन मिशनचं काम इथे १८७७ मध्ये सुरू झालं, दहा वर्षांनी ख्रिश्चन कॉलेज निघालं, आणि माळव्यातल्या चर्चची बोली हिंदी झाली. त्यामुळे मराठी ख्रिस्ती घरातलं मूल चर्चमध्ये "यीशु मसीह" ऐकतं, शाळेत इंग्रजी प्रेयर म्हणतं, गल्लीत हिंदीत भांडतं, आणि आजी तेवढी "येशूबाप्पा" म्हणते. मग आशीर्वाद कशात द्यायचा?

मूल झोपेतून दचकून उठतं तेव्हा कोणत्या भाषेत हाक मारतं, ते बघा. आशीर्वादाची भाषा ती. आईबाबांना जी शुद्ध वाटते ती नव्हे. "बेटा, प्रभू तुला सांभाळो" हे वाक्य इंदूरच्या घरात अगदी नैसर्गिक आहे. "बेटा" काढून "बाळ" घालायची गरज नाही. आजीचं मराठी हिंदीत घोळलेलं असेल तर ती आशीर्वाद देत असताना ते सुधारायला कुणी जाऊ नये.

चर्चमधली हिंदी ओळ मुलाला आधीच पाठ असेल ("यहोवा तुझे आशीष दे और तेरी रक्षा करे") तर तीच घरात वापरा. वेगळं पाठांतर लादू नका. मात्र एका घरात देवाचं एकच संबोधन ठरवा. आई "परमेश्वर", बाबा "यहोवा" आणि आजोबा "ख्रिस्तबाप" असं चाललं, तर चार-पाच वर्षांच्या मुलाला खरोखर वाटतं की ही तीन निराळी माणसं आहेत. एक फरक लक्षात ठेवा. हिंदीतला "करे" रोजच्या बोलण्यातही येतो ("वो करे तो ठीक"), मराठीतला "करो" मात्र आशीर्वाद सोडून सहसा कुठे ऐकू येत नाही. कानाला तो लगेच वेगळा लागतो. घरात मराठी बोलली जात असेल तर ही जमेची बाजू वाया घालवू नका.

हात, जागा, वेळ

मार्क १०:१६ मधला क्रम बघण्यासारखा आहे. येशूनं मुलांना आधी कवेत घेतलं, मग हात ठेवले, मग आशीर्वाद दिला. जवळ घेणं पहिलं. दुरून, ओट्यापाशी उभं राहून मोठ्यानं दिलेला आशीर्वाद मुलाला कुकरच्या शिट्टीसारखाच ऐकू येतो.

लहान मूल असेल तर गुडघे टेकून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर या. हात कोरडा असावा, कणकेचा किंवा भांडी घासतानाचा नको, मूल चटकन डोकं मागे घेतं. तळवा टाळूवर अलगद, वजन न टाकता. दाबला तर ते डोकं खाली वाकवणं वाटतं, आणि आपल्याकडे डोकं खाली वाकवून काय होतं हे मुलांना माहीत असतं. ज्याला डोक्याला हात लावलेला आवडत नाही, त्याच्या खांद्यावर किंवा पाठीवर ठेवा. काही मुलांना कुठलाच स्पर्श सोसत नाही, त्यांच्यासमोर नुसते ओंजळीसारखे हात धरा आणि बोला. कॅथलिक घरांत अंगठ्यानं कपाळावर क्रूसाची खूण करतात. बाप्तिस्म्याच्या वेळी आईवडिलांनी केलेलीच ती खूण आहे, त्यामुळे रोज करताना नवीन काही शिकावं लागत नाही.

डोळे तुमचे उघडे. मुलाला हवे तर मिटू दे.

वेळा ठरवायला बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाचा सहावा अध्याय पुरतो: घरी बसलेले असता, वाटेनं चालता, निजता आणि उठता. चारही एकदम सुरू करू नका. निजतानापासून सुरुवात करा, कारण तेव्हा मूल आडवं असतं, पळत नाही, आणि दिवस संपलेला असतो. दात घासून झाले, दिवा मालवायचा आहे, त्या फटीत बसवा. तीन आठवडे ही एकच वेळ सांभाळा. ती अंगवळणी पडली की दाराशी असलेली सकाळची. सकाळी एकच ओळ, रात्री हवी तर तिन्ही. रात्री मूल आधीच झोपलं असेल तरी म्हणा, हळू. पण त्याला उठवून आमेन म्हणवून घेऊ नका.

हे काम आईवर सोडायचं नाही. बहुतेक घरांत देवाधर्माचं सगळं आईकडे आणि मार्कांचं सगळं बाबांकडे अशी वाटणी होते. ती मोडायची तर सकाळ एकानं घ्या आणि रात्र दुसऱ्यानं. उशिरा घरी येणाऱ्या बाबांनी सकाळची घ्यावी.

वयाप्रमाणे

तान्ह्याला अर्थ नको, आवाज हवा. अंघोळीनंतर तेल लावताना तीच ती एक ओळ, त्याच चालीत.

तीन ते सहा या वयात अवयव घेऊन म्हणा. पावलांना हात लावून "प्रभू ही पावलं सरळ वाटेनं नेवो", कानांना "प्रभू या कानांना त्याचं बोलणं ऐकवो". मुलं खिदळतात, पोट राहिलं म्हणून आठवण करून देतात. पोटालाही द्या.

सात ते अकरा हे वय निरीक्षणाचं. या मुलांना मोघम आशीर्वाद चालत नाही. "प्रभू तुझं भलं करो" म्हटलं की ती बाजूला बघतात. दिवसातली नेमकी गोष्ट हवी. बसमध्ये मित्रासाठी जागा धरून ठेवली, पडलेलं पाखरू उचललं, हरल्यावर हात मिळवला.

तेराच्या पुढे हात मागे घ्यायची तयारी ठेवा. कोचिंगच्या गेटवर, मित्रांसमोर, डोक्यावर हात ठेवणं हा मुलावर अन्यायच आहे. गाडी थांबवून हेल्मेट घेताना पुटपुटलेलं "प्रभू राखो" त्याला पोचतं. मुलगी "आई, प्लीज, आज नको" म्हणाली तर नको. रुसून बसू नका, "आशीर्वाद नाकारतेस का" असलं तर अजिबात बोलू नका. बापाचा आशीर्वाद हुकलेल्या एसावाचं उदाहरण देऊन घाबरवणारे आईवडील असतात. दुसऱ्या दिवशी पोहे वाढताना, पाठीमागून, चालता चालता एक वाक्य म्हणा आणि शेवेची वाटी पुढे करा. उत्तराची वाट बघू नका.

अडचणीचे दिवस

भांडण झालेला दिवस सगळ्यात अवघड. तुम्ही ओरडलात, कदाचित हातही उचललात, आणि आता झोपायची वेळ झाली. इथे लोक आशीर्वादाचा बोळा घालून भोक बुजवतात. तसं करू नका. आधी माफी, सरळ शब्दांत: "मी आज फार ओरडले, ते चुकलं." त्यात "पण तूसुद्धा" नको. मग थोडा वेळ जाऊ द्या. मूल अजून रागावलेलं असेल तर विचारा, "हात ठेवू का?" नाही म्हणालं तर दारातूनच म्हणा. "बापांनो, मुलांना चिरडीस आणू नका" असं पौल इफिसकरांना लिहितो, आणि वर लादलेला आशीर्वाद पोराला नक्की चिरडीस आणतो.

चूक मुलाची असेल, शिक्षा झाली असेल, त्या रात्रीही आशीर्वाद ठरल्याप्रमाणे. शिक्षा म्हणून तो कधीच काढून घ्यायचा नाही. टीव्ही बंद होऊ शकतो, हा नाही.

निकालाचा दिवस. इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या कोचिंगमध्ये दोन वर्षं काढलेल्या मुलाच्या घरी निकालाआधी आठवडाभर कुणी नीट जेवत नाही. इथे आशीर्वादात रँक आणू नका, कॉलेजचं नाव आणू नका. यहोशवा १:९ चा धागा घ्या, जाशील तिथे देव तुझ्याबरोबर असेल, आणि म्हणा: "सुजय, आज काहीही दिसलं तरी प्रभू तुझ्याबरोबर राहो आणि तुला खंबीर करो." ही वेळ चुकवायची नाही. वेबसाइट उघडण्याआधी म्हणायचं. नंतर म्हटलं तर चांगल्या निकालावर ते बक्षीस होतं आणि वाईट निकालावर सांत्वन, आणि दोन्ही वेळा मूल आशीर्वादाला निकालाशी जोडून टाकतं.

आजारपणात कपाळावर हात असतोच, ताप बघायला. तोच हात आणखी दहा सेकंद राहू द्या: "प्रभू तुला आराम देवो, तुझी झोप गोड करो." मग थर्मामीटर आणि डॉक्टरांनी सांगितलेलं औषध, ठरल्या वेळी. आशीर्वाद दिलाय म्हणून औषध लांबवणं यात विश्वास कमी आणि हलगर्जीपणा जास्त असतो.

भावंडांमध्ये तुलना हे जुनं दुखणं, उत्पत्तीच्या पुस्तकभर पसरलेलं. इसहाकाच्या घरात एकाला मिळालं म्हणून दुसरा रडला: बाबा, तुमच्याजवळ एकच आशीर्वाद आहे का? आपल्या घरात हा प्रश्न कुणाला पडू नये म्हणून दोघांना एकामागून एक द्या, क्रम रोज बदला, आणि वाक्यं वेगळी ठेवा. याकोबानं आपल्या मुलांना ज्याला त्याला साजेसा आशीर्वाद दिला असं उत्पत्ती ४९:२८ मध्ये आहे. (त्याच अध्यायात थोरल्या रऊबेनला जी बोलणी ऐकावी लागली ती मात्र उचलू नका.) "प्रभू तुला ताईसारखी हुशार करो" हा आशीर्वाद नव्हे, टोमणा आहे.

मूल पुण्याला किंवा कोट्याला हॉस्टेलवर असेल तर फोन ठेवण्याआधीची शेवटची ओळ ही असावी, फीच्या आणि जेवणाच्या चौकशीनंतर. आवाज पोचला पाहिजे. दहा-बारा सेकंदांचा व्हॉइस मेसेज, त्यात मुलाचं नाव घेतलेलं, हे फुलं आणि सूर्योदयाच्या फॉरवर्डपेक्षा शंभर पटीनं बरं. फॉरवर्ड सगळ्यांनाच जातं हे त्याला कळतं.

घरात सगळे ख्रिस्ती नसतील, आजोबांना नमस्कार केला की ते "औक्षवंत हो" म्हणत असतील, तर त्यांना थांबवू नका आणि मुलासमोर दुरुस्त तर मुळीच करू नका. त्यांचा हात त्यांचा, तुमचा तुमचा. मुलानं विचारलं तर सांगा की आजोबा तुला दीर्घायुष्य चिंततात, आणि आपण ते येशूकडे मागतो.

तोंडातले दुसरे शब्द

हे सगळं जमलं तरी एक गोष्ट राहते. मराठी घरात मुलाला प्रेमानं आणि रागानं ज्या हाका मारतात त्या जरा कान देऊन ऐका: मेल्या, मुडद्या, करंट्या, कार्टी, अवदसा. मेल्या म्हणजे काय हे कुणाच्या मनातही नसतं, "अगं बाई मेल्या, किती वाढलास" असं लाडानं म्हटलं जातं. पण शब्दाचा अर्थ आहे तोच आहे. त्यावर हिंदीतून आलेले "निकम्मा" आणि "नालायक" आहेतच, आणि "तुझं काही व्हायचं नाही" तर म्हणच झाली आहे. नव्या करारातल्या याकोबाच्या (हा याकोब निराळा) पत्राच्या तिसऱ्या अध्यायातली तक्रार हीच आहे, की एकाच तोंडातून आशीर्वाद आणि शाप निघतात.

एकदम तोंड बंद करण्याचा निश्चय टिकत नाही. त्याऐवजी एक आठवडा फक्त मोजा. फ्रिजवर कागद लावा, असा शब्द निघाला की स्वतःच एक रेघ ओढा, मुलांनी पकडला तर त्यांना ओढू द्या. पोरं यात भलतीच तत्पर असतात. दुसऱ्या आठवड्यात सगळ्यात जास्त रेघा असलेला एक शब्द निवडा आणि त्याच्या जागी नुसतं मुलाचं नाव, पूर्ण, न मोडता. "मेल्या, बूट कुठे काढलेस" याच्या जागी "सुजय, बूट कुठे काढलेस". राग तेवढाच राहतो, बूटही सापडतात. बाकीचे शब्द तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. आजीच्या तोंडातला "मेल्या" गेला नाही तर तो सोडून द्या, सत्तर वर्षांची सवय रेघांनी जात नाही.

दोन-तीन महिने हे चाललं की घरातलं सगळ्यात लहान मूल एखाद्या रात्री उठून बसतं आणि तुमच्या डोक्यावर हात ठेवतं. वाक्य अर्धंच येतं, "प्रभू तुला पलमेश्वर देवो" असलं काहीतरी. हसू नका, सुधारू नका, मोबाइल शोधायला तर उठूच नका. डोकं खाली करा, त्याचं संपेपर्यंत थांबा, आणि आमेन या वेळी तुम्ही म्हणा.